वजनाची अट नसलेला गट

डिसेंबर १९९२मध्ये लंडनच्या एका पत्रकार परिषदेत रिडिक बो या पंचवीस वर्षांच्या अमेरिकन बॉक्सरने जगज्जेतेपदाचा पट्टा कॅमेऱ्यांसमोर उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. जेमतेम महिन्यापूर्वी, १३ नोव्हेंबरला, लास व्हेगासमध्ये इव्हँडर होलीफिल्डला हरवून तो हेवीवेट गटाचा निर्विवाद विजेता झाला होता. तीन प्रमुख संघटनांचे तिन्ही किताब त्याच्याकडे होते. त्यांपैकी डब्ल्यूबीसी या संघटनेचा आग्रह होता, की आता बोने लेनॉक्स लुईसशी लढावं. बो आणि त्याचा मॅनेजर रॉक न्यूमन यांचं लुईसच्या गोटाशी पैशांच्या वाटणीवरून जमलं नाही. लढत बारगळली आणि पट्टा डब्यात गेला.

लुईस बोला नवा नव्हता. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुपरहेवीवेटच्या अंतिम सामन्यात लुईसने त्याला दुसऱ्याच फेरीत हरवून सुवर्णपदक नेलं होतं. चार वर्षांनी दोघंही ऐन भरात होते, दोघांचाही व्यावसायिक रिंगणात एकही पराभव झाला नव्हता. त्या दशकात हेवीवेटमधली याहून चांगली जोडी जुळवता आली नसती. ती लढत पुढेही कधी झाली नाही. लुईस २००४मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यात दोनच पराभव होते, आणि ज्या दोघांनी हरवलं त्यांना त्याने पुढच्याच गाठीत हरवून दाखवलं होतं. बोच्या खात्यात तर एकच पराभव आहे. ४५ लढती, ४३ विजय, एक लढत निकालाविना. कागदावर ही कारकीर्द अपयशी वाटत नाही. पण बोला १९९२मध्ये ज्यांनी पाहिलं त्यांना हा कागद आजही अस्वस्थ करतो.

कारण १३ नोव्हेंबरच्या रात्रीचा बो खरोखर विलक्षण होता. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, वजन २३५ पौंड, म्हणजे १०६-१०७ किलो. एवढ्या थोराड देहाचे बॉक्सर सहसा लांबून ठोसे मारतात, अंगाला अंग भिडलं की मिठी मारून वेळ काढतात. बो जवळून लढू शकत होता. छोट्या चणीच्या बॉक्सरसारखे आखूड अपरकट, बरगड्यांवर हुक, आणि लांबून अचूक डावा जॅब, सगळंच त्याच्याकडे होतं. होलीफिल्डबरोबरच्या पहिल्या लढतीची दहावी फेरी हेवीवेटच्या इतिहासातल्या सर्वोत्तम फेऱ्यांमध्ये गणली जाते. सुरुवातीला बोने होलीफिल्डला पार हलवून सोडलं, तो आता पडणार असं वाटत असताना होलीफिल्ड उलटला आणि फेरी संपताना बोच मार खात होता.

हा बो घडवला होता एडी फच यांनी. मुहम्मद अलीला कारकिर्दीत ज्या पाच जणांनी हरवलं, त्यांपैकी चौघांनी फच यांच्याकडे प्रशिक्षण घेतलं होतं. सोलनंतर बोवर आळशीपणाचा शिक्का बसलेला होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल या दरिद्री वस्तीतला, तेरा भावंडांत वाढलेला हा मुलगा जीव ओतून मेहनत करेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या फच यांनाही तो नव्हता. त्यांच्याबद्दल एक गोष्ट बॉक्सिंगच्या वर्तुळात नेहमी सांगितली जाते. मी गावाबाहेर जातोय, तू पहाटे नेमाने धाव, असं त्यांनी बोला सांगितलं आणि स्वतः चढावर लपून बसले. बो एकटाच धावत वर येताना दिसला तेव्हाच त्यांनी त्याला शिष्य मानलं.

ती पहाटेची धाव किताबानंतर थांबली. विजेता झाल्यावर बो जगभर फिरला. पोपना भेटला, नेल्सन मंडेलांना भेटला, सोमालियातल्या दुष्काळग्रस्तांपर्यंत मदत घेऊन गेला. हे सगळं चांगलंच होतं आणि त्याचा मोठेपणाही त्यात दिसतो. पण किताब राखण्यासाठी १९९३मध्ये त्याने निवडलेले दोन प्रतिस्पर्धी म्हणजे उतरणीला लागलेला मायकल डोक्स आणि जेसी फर्ग्युसन. डोक्स पहिल्या फेरीत संपला, फर्ग्युसन दुसऱ्या. अशा लढतींत बॉक्सरला स्वतःच्या शरीरातला बिघाड कळत नाही. नोव्हेंबर १९९३मध्ये होलीफिल्ड पुन्हा समोर उभा राहिला तेव्हा बोचं वजन २४६ पौंड भरलं. वर्षभरात पाच किलो वाढले होते. ही तीच लढत, जिच्या सातव्या फेरीत एक माणूस पॅराग्लायडरवरून थेट रिंगच्या दोरांवर येऊन आदळला आणि वीस मिनिटं खेळ थांबला. निकाल थोडक्यात होलीफिल्डच्या बाजूने गेला. बोचा हा कारकिर्दीतला एकमेव पराभव.

इथे हेवीवेट गटाची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बॉक्सिंगमध्ये बाकी प्रत्येक गटाला वजनाची वरची मर्यादा असते. लाइटवेटचा बॉक्सर लढतीआधी काट्यावर चढतो तेव्हा १३५ पौंडांच्या वर काटा गेलेला चालत नाही. विजेता जास्त भरला तर ठोसा मारण्याआधीच किताब हातचा जातो. पनामाचा रॉबर्टो डुरान दोन लढतींच्या मधल्या काळात मनसोक्त खाऊन सुटायचा, पण तारीख ठरली की काट्यापुढे त्याला नमावंच लागे. हेवीवेटला असा धाक नाही. गट आज २०० पौंडांच्या वर सुरू होतो, बोच्या काळी तो १९०च्या वर सुरू व्हायचा, आणि पुढे कितीही वजन चालतं. काट्यावर उभं राहणं हा केवळ उपचार असतो. शिस्त बाहेरून येत नाही, ती बॉक्सरने स्वतःच आणायची असते.

दुसरी अडचण याहून फसवी आहे. वजन वाढलं की पाय आधी मंदावतात, मग दम कमी पडतो, हात खाली येतात. ठोशातली ताकद मात्र सहजी जात नाही. त्यामुळे दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला लोळवणाऱ्या जाड विजेत्याला वाटतं, आपण आहोत तसेच आहोत. त्यातून इतका उंच, इतका चपळ आणि मार सोसणारा माणूस मुळात दुर्मिळ. अमेरिकेत असे तरुण बास्केटबॉल आणि फुटबॉलकडे जातात. जे मोजके बॉक्सिंगमध्ये उरतात त्यांना दुसरी, तिसरी, चौथी संधी मिळत राहते, आणि संधी संपणारच नाहीत असा समज होतो. जॉर्ज फोरमनने १९९४मध्ये ४५व्या वर्षी किताब परत मिळवला, त्याने हा समज आणखी पक्का केला. फोरमनच्या मागची मेहनत फार थोड्यांनी पाहिली.

मायकल डोक्सचं नाव वर येऊन गेलं. बोसमोर तो दोन मिनिटांच्या आसपास टिकला, पण दहा वर्षांपूर्वी तोही जगज्जेता होता. डिसेंबर १९८२मध्ये त्याने माइक वीव्हरला ६३ सेकंदांत हरवून डब्ल्यूबीए या संघटनेचा किताब घेतला. हात इतके वेगवान, की त्याच्या वजनाच्या माणसाचे ते वाटू नयेत. नऊ महिन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या गेरी कुट्झीने त्याला नॉकआऊट केलं. त्या काळात आपण कोकेन घेत होतो, हे डोक्सने पुढे कबूल केलं.

त्या किताबाचा नंतरचा प्रवास वाचला की धक्का बसतो. डोक्सकडून कुट्झीकडे, कुट्झीकडून ग्रेग पेजकडे, पेजकडून टोनी टब्जकडे, टब्जकडून टिम विदरस्पूनकडे, विदरस्पूनकडून जेम्स स्मिथकडे आणि मार्च १९८७मध्ये स्मिथकडून माइक टायसनकडे. सव्वाचार वर्षांत सात विजेते. कुट्झी, पेज, टब्ज आणि स्मिथ हे तर किताब राखण्याच्या पहिल्याच प्रयत्नात हरले. अमेरिकन क्रीडापत्रकार या साऱ्यांना 'हरवलेली पिढी' म्हणतात. अली गेला होता, लॅरी होम्सचा काळ सरत होता, टायसन अजून यायचा होता. मैदान मोकळं होतं आणि ते व्यापण्याइतकं कसब यांतल्या किमान चौघांकडे नक्की होतं.

यांच्यात सर्वांत जास्त हळहळ वाटावी असा टिम विदरस्पून. मे १९८३मध्ये तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या फक्त १५ लढती झाल्या होत्या. तेव्हा होम्सला कुणी हरवलेलं नव्हतं. बारा फेऱ्यांनंतर पंचांमध्ये मतभेद झाले आणि दोघांनी होम्सला कौल दिला, पण ती लढत विदरस्पूनने जिंकली असं मानणारे आजही पुष्कळ आहेत. पुढच्या वर्षी त्याने पेजला हरवून डब्ल्यूबीसीचा किताब मिळवला आणि पाच महिन्यांत पिंकलन थॉमसला तो गमावला. १९८६मध्ये टब्जला हरवून पुन्हा विजेता. त्या लढतीनंतरच्या तपासणीत त्याच्या शरीरात गांजाचा अंश सापडला. जुलैमध्ये लंडनला वेम्बली स्टेडियमवर, ब्रिटिश प्रेक्षकांच्या गर्जनेत, त्याने फ्रँक ब्रुनोला अकराव्या फेरीत संपवलं. डिसेंबरमध्ये स्मिथने त्याला पहिल्याच फेरीत तीनदा खाली पाडलं. स्मिथला या लढतीचं बोलावणं जेमतेम आठवडाभर आधी आलं होतं.

वरवर पाहता हीदेखील बेशिस्तीचीच गोष्ट. पण वेम्बलीचा हिशेब पाहिला की चित्र बदलतं. हरलेल्या ब्रुनोला त्या रात्रीचे सुमारे ९ लाख डॉलर मिळाले. जिंकलेल्या विश्वविजेत्या विदरस्पूनच्या हातात पडले सुमारे ९० हजार. त्याचा प्रमोटर होता डॉन किंग. मॅनेजर होता कार्ल किंग, म्हणजे डॉन किंगचा सावत्र मुलगा. प्रमोटरने कमीत कमी पैशांत लढत जुळवायची आणि मॅनेजरने बॉक्सरसाठी जास्तीत जास्त मिळवायचे, असा हा व्यवहार असतो. इथे दोन्ही बाजूंना एकच घर बसलेलं होतं. मॅनेजर एकतृतीयांश वाटा घेऊ शकत असताना विदरस्पूनकडून निम्मा घेतला जात होता, आणि किंगच्याच शिबिरातल्या सरावाचा खर्च वर कापून जात होता. विदरस्पूनने खटला भरला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १० लाख डॉलरवर तो मिटला. तोपर्यंत त्याची उमेदीची वर्षं सरली होती.

डोक्स, पेज, टब्ज, थॉमस या सगळ्यांचा कधी ना कधी किंगशीच संबंध आला. व्यसन त्यांचं स्वतःचं होतं, वाढलेलं पोटही त्यांचंच होतं. पण जिंकूनही पैसे हातात येत नाहीत, आज हरलो तरी त्याच प्रमोटरचा दुसरा माणूस विजेता होणार आहे आणि आपल्या जागी कुणीही चालतो, हे रोज दिसत असताना पहाटे उठून कुणासाठी धावायचं? प्रतिभा उधळली म्हणून बॉक्सरला दोष देणं फार सोपं आहे. त्या प्रतिभेवर इतरांनी किती कमावलं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

ग्रेग पेज लुईव्हिलचा, म्हणजे अलीच्याच गावचा. किशोरवयात त्याने अलीबरोबर सराव केला होता, आणि दुसरा अली म्हणून त्याच्याकडे पाहिलं जाई. किताब गमावल्यावर तो सरावातला साथीदार म्हणून पोटापाण्याला लागला. जानेवारी १९९०मध्ये टोकियोत टायसनबरोबर सराव करताना त्याने टायसनला खाली पाडलं. ही बातमी जगभर गेली, पण कुणी फारशी मनावर घेतली नाही. टायसनची लढत तर बस्टर डग्लसशी होती, आणि लास व्हेगासच्या बहुतेक सट्टेवाल्यांनी त्यावर पैजाच घेतल्या नव्हत्या. एका कॅसिनोने भाव दिला तो ४२ला एक.

डग्लसही तोवर वाया गेलेलाच समजला जाई. १९८७मध्ये टोनी टकरविरुद्ध किताबाच्या लढतीत तो चांगला लढत असताना दहाव्या फेरीत ढेपाळला आणि टीकाकारांनी त्याला मन नसलेला बॉक्सर ठरवलं. टोकियोच्या लढतीआधी जेमतेम तीन आठवडे त्याची आई लुला वारली. ११ फेब्रुवारी १९९०ला रिंगमध्ये उतरलेला डग्लस वेगळाच माणूस होता. वजन २३१ पौंडांच्या आसपास, जॅब सतत चालू, पाय हलते. आठव्या फेरीत खाली पडूनही उठला आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला नॉकआऊट केलं. टायसनचा हा पहिला पराभव. दुःख, राग आणि महिनोन्‌महिन्यांची मेहनत एका रात्री एकत्र आली होती.

पुढचे महिने गेले न्यायालयांत आणि वाटाघाटींत. टायसनच्या बाजूने किंगने निकालच फिरवण्याचा प्रयत्न केला, मग डग्लसला किंगच्या करारातून सुटण्यासाठी झगडावं लागलं. लास व्हेगासच्या मिराज हॉटेलने होलीफिल्डविरुद्धच्या लढतीसाठी त्याला दोन कोटींहून अधिक डॉलर देऊ केले. २५ ऑक्टोबरच्या लढतीआधी तो काट्यावर चढला तेव्हा वजन भरलं २४६ पौंड. तिसऱ्या फेरीत त्याने एक ढिला अपरकट फेकला, तो हुकला, होलीफिल्डचा उजवा ठोसा आला आणि डग्लस मॅटवर पडला. उठण्याचा नीट प्रयत्नही त्याने केला नाही. विजेतेपद आठ महिने टिकलं. त्यानंतर सहा वर्षं तो रिंगपासून दूर राहिला, वजन ४०० पौंडांच्या घरात गेलं आणि १९९४मध्ये मधुमेहामुळे तो कोमात गेला. त्यातून तो वाचला, वजन उतरवून पुन्हा लढलाही, आणि नंतर कोलंबस या आपल्या गावी मुलांना बॉक्सिंग शिकवू लागला. टोकियोची ती रात्र मात्र कुणालाही हिरावून घेता येणार नाही. एका रात्रीपुरता का होईना, जगातला सर्वांत धोकादायक माणूस त्याने हरवला होता, आणि हे अनेक थोर विजेत्यांनाही साधलेलं नाही.

तीस वर्षांनी हाच प्रकार जवळजवळ जसाच्या तसा घडला. १ जून २०१९ला न्यूयॉर्कमध्ये अँडी रुईझ या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन बॉक्सरने अँथनी जोशुआला सातव्या फेरीत थांबवलं. उत्तेजक चाचणीत अडकलेल्या जॅरेल मिलरच्या जागी त्याला ऐन वेळी घेतलं होतं. वजन होतं २६८ पौंड. सहा महिन्यांनी सौदी अरेबियात परतीच्या लढतीत तो २८३ पौंडांहून अधिक भरला, बारा फेऱ्या जोशुआच्या मागे पाय ओढत फिरला आणि तिन्ही किताब परत करून आला. तीन महिने मौजमजेत गेले, हे त्याने स्वतःच मान्य केलं.

उलटा प्रवासही होतो. टायसन फ्युरीने २०१५च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं आणि मग तो नैराश्य, दारू आणि कोकेनमध्ये बुडाला. लढल्याशिवायच किताब गेले, वजन ४०० पौंडांच्या आसपास पोचलं. २०१८मध्ये तो परतला आणि २०२०मध्ये डिऑन्टे वाइल्डरला हरवून पुन्हा जगज्जेता झाला. तो आपल्या मानसिक आजाराबद्दल उघडपणे बोलला, उपचार घेतले, आणि ते बोलणं ऐकून घेणारा काळ त्याला लाभला. १९८४मध्ये पेज किंवा डोक्स असं काही बोलले असते तर त्यांना दुबळे म्हटलं गेलं असतं.

बोचं पुढे काय झालं? १९९५मध्ये त्याने होलीफिल्डला तिसऱ्या लढतीत थांबवलं. १९९६मध्ये पोलंडच्या अँड्र्यू गोलोटाशी दोन लढती झाल्या. पहिलीला बो २५२ पौंडांचा होऊन आला. दोन्हींत गोलोटा पुढे असताना कमरेखाली ठोसे मारून बाद ठरला आणि दोन्ही विजय बोच्या नावावर लागले. त्या विजयांनी बोचं शरीर मोडलं. त्याची जीभ जड झाली, बोलणं अडखळू लागलं. फच यांनी पहिल्या गोलोटा लढतीनंतरच त्याला सोडलं होतं. १९९७मध्ये तो मरीन दलात भरती झाला आणि काही दिवसांतच परत आला. १९९८मध्ये त्याने विभक्त झालेल्या पत्नीला आणि पाच मुलांना बळजबरीने गाडीत घालून नेलं. खटल्यात त्याच्या वकिलांनी मेंदूला झालेल्या इजेचा मुद्दा मांडला. अखेर १७ महिने तो तुरुंगात होता. ज्या कुटुंबाने हे भोगलं त्यांच्यावरचा अन्याय कुठल्याही मेंदूविकाराने पुसला जात नाही. पण वर्षानुवर्षांचा मार आणि हे कृत्य यांचा काही संबंधच नाही, असंही म्हणता येत नाही.

ग्रेग पेजची शेवटची लढत ९ मार्च २००१ला केंटकी राज्यातल्या अर्लेंजर गावी एका नाइटक्लबमध्ये झाली. वय ४२, मानधन १५०० डॉलर. दहाव्या फेरीत तो कोसळला. रुग्णवाहिका हजर नव्हती, रिंगजवळ ऑक्सिजनही नव्हता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रियेनंतर पक्षाघाताने तो कायमचा अंथरुणाला खिळला आणि एप्रिल २००९मध्ये, पन्नासाव्या वर्षी, लुईव्हिलच्या घरी वारला. त्याने भरलेला खटला २००७मध्ये मिटला, तेव्हा केंटकीने १२ लाख डॉलर भरपाई दिली आणि सुरक्षेचे नियम कडक करण्याचं मान्य केलं.

दरम्यान २०००मध्ये अमेरिकेत अलीच्या नावाचा कायदा आला. प्रमोटर आणि मॅनेजर यांचे आर्थिक हितसंबंध एकमेकांत गुंतता कामा नयेत, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. विदरस्पूनच्या उमेदीच्या काळात हे लिहिलेलं नव्हतं. निवृत्त बॉक्सरसाठी पेन्शनची सोय मात्र अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी एकट्या कॅलिफोर्नियाने केली, १९८२मध्ये. हरवलेली पिढी तेव्हा नुकती किताबांच्या लढतींपर्यंत पोचत होती, आणि तिच्या लढती बहुतेक करून दुसऱ्या राज्यांत होत होत्या.